गडद आणि भडक

फोटोला 'रंग चढवणं' हा हल्ली घरोघरचा उद्योग झाला आहे. लग्नाचा, सहलीचा फोटो मोबाइलवर आला की आधी सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडे सरकते. आकाश निळंशार, झाडं हिरवीगार आणि माणसं मात्र हळद लागल्यासारखी पिवळी! मला वाटतं, आपण गडद आणि भडक या दोन शब्दांत घोळ करतो आहोत.

नेहमीच्या जेपेग फोटोत लाल, हिरवा, निळा अशा प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या असतात. नवरीच्या शालूचा लाल आधीच २४० च्या आसपास असेल, तर पट्टी सरकवल्यावर तो २५५ ला जाऊन थडकतो. पुढे जागाच नाही. मग चुण्या, त्यांतल्या सावल्या, सगळं एकसारखं लाल होतं. हा झाला भडकपणा.

गडदपणा येतो तो काळोखातून. एक्स्पोजर थोडं उतरवावं, कर्व्हची खालची बाजू जराशी खाली ओढावी. सावल्या खोल झाल्या की शेजारचा रंग आपोआप उठून दिसतो. तरीही फिका वाटला तर व्हायब्रन्स वाढवावं. ते फिक्या रंगांना जास्त उचलतं आणि चेहऱ्याच्या वर्णाला बरंचसं जपतं.

काहीजण म्हणतात, फोटोला हात लावणं हाच खोटेपणा. हे मला पटत नाही. अॅन्सेल अॅडम्स यांनी १९४१ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला. त्याच निगेटिव्हवरून पुढे अनेक वर्षं प्रिंट काढताना ते आकाश अधिकाधिक काळं करत गेले. १९९० मध्ये आलेली फुजीची वेल्व्हिया फिल्म तर मुळातच रंग गडद करणारी होती.

खोटेपणा मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. आकाश हौसेने गडद करणारे हात आत्याच्या सावळ्या चेहऱ्यावर आले की तो उजळ करतात! चाळीस वर्षांनी तो फोटो ज्या पोराच्या हाती पडेल, त्याला आपली आत्याआजी कशी दिसायची हे कसं कळणार? आकाशाचं काय, ते रोज नवं असतं.

असो. नातेवाईक मंडळींना एकच विनंती. रंगांशी खुशाल खेळा, पण प्रतीवर. मूळ फोटो तसाच राहू द्या, आणि सावळ्या माणसांना सावळंच राहू द्या.