वाऱ्याची वाट कोणी अडवली?

मुंबईला समुद्राचे वरदान आहे. दिल्लीसारखी घुसमट येथे कधी होणार नाही, अशी आपली वर्षानुवर्षांची समजूत होती. २०२२-२३ च्या हिवाळ्याने त्या समजुतीला तडा दिला. वारे मंदावले आणि धुरकट पडदा दिवसचे दिवस शहरावर रेंगाळला. शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध प्रशांत महासागरातील 'ला निना'शी जोडला. तो असेलही, परंतु सारा दोष महासागरावर ढकलून आपली सुटका होते काय?

वारा शहरापर्यंत येतो. तो गल्लीत उतरतो की नाही, हे आपण उभारलेल्या भिंती ठरवितात. इमारतींची उंची रस्त्याच्या रुंदीच्या साधारण पाऊणपटीपर्यंत पोहोचली, की रस्त्याला आडवा येणारा वारा छपरांवरूनच निसटून जातो. खाली गल्लीत मात्र एक भोवरा फिरत राहतो आणि वाहनांचा धूर त्यातच घोळत बसतो. यातली गंमत पाहा. दक्षिणोत्तर रस्ता आहे आणि समुद्रावरचा वारा पश्चिमेकडून येतो आहे. कोणालाही वाटेल, समुद्राकडच्या रांगेतील घरांना शुद्ध हवा मिळत असणार. पण भोवरा रस्त्यावरचा धूर त्याच रांगेच्या रस्त्याकडील भिंतीपाशी आणून सोडतो. म्हणजे घर समुद्राच्या बाजूला आणि गॅलरीतली तुळस मात्र काळवंडलेली!

त्यात उन्हाची भर पडते. दुपारी पश्चिमेचे ऊन समोरच्या, पूर्वेकडील रांगेच्या भिंतीवर पडते. भिंत तापते, तिच्यालगतची हवा हलकी होऊन वर जाऊ पाहते आणि वारा तर त्याच भिंतीवरून खाली उतरू पाहत असतो. वारा जोरकस असला तर फारसे बिघडत नाही. तो मंद असला, की या दोहोंच्या झटापटीत भोवरा दुबळा पडतो आणि गल्ली तुंबते. हिवाळ्याच्या रात्रीचा प्रकार निराळा. जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. पहाटे मोकळ्या हवेत फिरावयास जाणाऱ्या ज्येष्ठांनी हे जरूर ध्यानात घ्यावे. त्या दिवसांत ऊन चढल्यावर बाहेर पडणे बरे.

गिरणगावाकडे पाहिले म्हणजे हे सारे डोळ्यांसमोर उभे राहते. बैठ्या गिरण्या आणि तीन-चार मजली चाळी जेथे होत्या, तेथे आज मनोरे आहेत. रस्ते मात्र बहुतांशी तेच राहिले. गिरण्यांच्या जमिनींचा मोठा हिस्सा शहरासाठी मोकळा ठेवण्याची तरतूद १९९१ च्या नियमावलीत होती. २००१ च्या दुरुस्तीने तिचा संकोच केला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती दुरुस्ती टिकली. त्या वादात जमिनीच्या किमतीची चर्चा उदंड झाली. वाऱ्याची झाल्याचे या लेखकाला तरी स्मरत नाही.

अन्यत्र मात्र ती झाली आहे. २००३ च्या 'सार्स'च्या साथीने हादरलेल्या हाँगकाँगने दाट उंच इमारतींतील कोंडलेल्या हवेचा विचार सुरू केला आणि २००६ पासून मोठ्या सरकारी प्रकल्पांसाठी वायुवीजनाच्या मूल्यमापनाची पद्धत आणली. जर्मनीतील स्टुटगार्ट हे टेकड्यांच्या खोलगटात वसलेले शहर. डोंगरउतारावरून रात्री उतरणारी थंड हवा शहरात यावी म्हणून तेथे हवेच्या वाटा मोकळ्या राखल्या जातात.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई महापालिकेने ७० मीटरहून उंच इमारतींच्या बांधकामांभोवती किमान ३५ फूट उंच पत्रे लावण्याचे बंधन घातले. धूळ रोखण्यास ते योग्यच. पण बांधकाम संपते, पत्रे निघतात. भिंत मात्र पुढची साठ-सत्तर वर्षे उभी राहते. म्हणून एकेका भूखंडापुरते न पाहता संपूर्ण गल्लीतील वाऱ्याचा अभ्यास झाल्यावाचून वाढीव चटईक्षेत्र देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. विकासकाला हे रुचणार नाही. रहिवाशांनाही रुचेल याची खात्री नाही. आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या सभेत वाढीव क्षेत्रफळ, वाहनतळ, भाडे यांवर तीन तास खल झाला. खिडकी उघडल्यावर आत काय येणार, हा प्रश्न कोणी विचारला नाही. प्रस्तुत लेखकही त्या सभेत गप्पच बसला होता. पुढील सभा येत्या महिन्यात आहे. आराखड्यावर अजून सह्या झालेल्या नाहीत.