ट्रकधुलाईचे गणित पाण्यापाशी अडते

न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे रस्ते, कळंबोलीचा लोखंड बाजार, वाशीच्या घाऊक बाजारपेठेचा परिसर, भिवंडीतील गोदामे. या साऱ्या पट्ट्यात मालमोटारी तासन् तास उभ्या असतात. कुणाला माल भरायचा असतो, कुणाला उतरवायचा. उभी गाडी मालकाला परवडत नाही आणि चिखल व खारी हवा तिचा पत्रा सोडत नाही. तेव्हा गाडी धुलाईकेंद्रावर नेण्याऐवजी धुलाईची सामग्रीच गाडीपाशी न्यावी, ही कल्पना सहज सुचणारी आहे. अमेरिकेत हा रुळलेला धंदा आहे. नोकरीची वाट पाहून थकलेल्या आपल्याकडील तरुणांना तो खुणावू लागला, तर नवल नाही.

भांडवलही आवाक्यातले दिसते. उच्च दाबाचा पंप, नळी, टाकी आणि हे सारे वाहणारे छोटे वाहन एवढ्यावर काम सुरू होते. २०१५ पासून सुरू असलेल्या मुद्रा योजनेच्या मर्यादेत हा खर्च बसू शकतो. परंतु कर्ज मिळते ते यंत्राला आणि वाहनाला. पाण्याचे काय करायचे, हे ज्याचे त्याने पाहायचे असते. खरी अडचण तेथेच आहे.

साधा हिशेब करून पाहावा. मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी फेकणारा पंप वीस मिनिटे चालवला, तर एका ट्रकला २०० ते ३०० लिटर पाणी लागते. २००५ मध्ये बाजारात आलेल्या ‘छोटा हत्ती’ची वहनक्षमता साधारण पाऊण टन. हजार लिटर पाण्याचे वजनच एक टन भरते. म्हणजे पंप, इंजिन आणि मदतनीस धरून त्यात जेमतेम ५०० लिटरची टाकी मावणार, आणि तेवढ्या पाण्यात दोन ट्रक होणार. दिवसाला दहा गाड्या धुवायच्या तर पाच वेळा टाकी भरावी लागेल. ‘फिरता’ व्यवसाय हा प्रत्यक्षात पाण्यासाठी फिरण्याचा व्यवसाय ठरतो तो असा. मोठे वाहन घेतले की कर्जाचा हप्ता वाढतो, टँकर विकत घेतला की नफा आटतो.

हे पाणी आणायचे कोठून? २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यास बंदी घालून पाच हजार रुपये दंड जाहीर केला. ज्या धंद्याचा कच्चा माल टंचाईच्या पहिल्या फटक्यात निषिद्ध ठरतो, त्यासाठी कर्ज काढताना दुसरा स्रोत हाताशी हवा. तो आहे. नवी मुंबई महापालिका प्रक्रिया केलेले सांडपाणी उद्योगांना पुरविते. ट्रकची चाके आणि चासी धुण्यास याहून चांगले पाणी आवश्यक नाही.

दुसरा प्रश्न धुतलेल्या पाण्याचा. ट्रकखालून वाहणाऱ्या त्या काळपट ओघळात माती असते, तसेच वंगण आणि डिझेलही असते. काही ठिकाणी तर चासीवर मुद्दाम डिझेलचा फवारा मारला जातो. रस्त्याकडेच्या पावसाळी गटारातून हा ओघळ थेट नाल्यात आणि पुढे खाडीत जातो. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याचे २४ वे कलम असे पाणी प्रवाहात, विहिरीत, गटारात किंवा जमिनीवर सोडण्यास मनाई करते. अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यानंतर अशा व्यावसायिकांना गटाराचे तोंड झाकून मळके पाणी शोषून न्यावे लागते आणि त्याची किंमत धुलाईच्या दरात धरलेली असते. आपल्याकडे हा खर्च कोणी धरत नाही, कारण तो सध्या खाडी सोसते.

आणि पैसे देणार कोण? देशातील बहुतेक मालमोटारी एक-दोन किंवा चार-पाच गाड्या बाळगणाऱ्या छोट्या मालकांच्या आहेत. अनेकदा चालकाला फेरीमागे ठरावीक रक्कम हाती दिली जाते. तीतून उरेल ते त्याचे. असा चालक ढाब्यावरच्या फुकट नळीने किंवा नदीच्या पात्रात गाडी धुतो आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. सुट्या गिऱ्हाइकावर विसंबून हप्ता फिटणे कठीण. मोठ्या ताफ्याच्या वाहतूक कंपन्या आणि गोदामचालक यांच्याशी महिन्याचा करार झाला, तर मात्र चित्र बदलते. त्यांच्या आवारात पाणी असते, फरशी असते, बोधचिन्ह रंगवलेली गाडी स्वच्छ दिसावी अशी इच्छाही असते. तेथे पंपवाल्याने केवळ पंप आणि मनुष्यबळ न्यायचे.

ट्रक टर्मिनलांवर हीच सोय करणे पालिकांना अवघड नाही. उताराची एक पक्की फरशी, प्रक्रिया केलेल्या पाण्याची जोडणी आणि तेल वेगळे करणारा हौद एवढेच लागते. ती जागा ताशी भाड्याने मिळाली, तर आज बादली आणि फडके घेऊन गाड्यांमागे धावणाऱ्या पोरांनाही तेथे रीतसर काम करता येईल. तूर्त ती फरशी नाही, आणि पंप विकणारा दुकानदार तिच्याविषयी काही विचारत नाही.