हडळ नाही, रक्तस्राव जीव घेतो

बाळंतपणात मेलेली बाई हडळ होते, असे आपल्या वस्त्यांतही अजून बोलले जाते. १९५६ साली नागपुरात बाबासाहेबांसोबत आपण देव सोडले. मग हडळ कशाला धरून ठेवायची? बाई मरते ती रक्तस्रावाने, वाढलेल्या रक्तदाबाने, जंतुसंसर्गाने. वेळेत उपचार मिळाले तर बहुतेक जणी वाचतात.

वस्तीवर बुलडोझर फिरला की घरासोबत गर्भवतीची तपासणीही तुटते. ओळखीची आशाताई मागे राहते, नव्या जागी दवाखाना ठाऊक नसतो. म्हणून आमची मागणी आहे की, घरे पाडण्याआधी पालिकेने गर्भवतींची यादी करून ती नव्या ठिकाणच्या आरोग्य केंद्राकडे द्यावी. भगिनींनो, तपासणीचे कार्ड जपा. अंगावरून रक्त गेले, डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर लगेच १०८ ला फोन करा.

आणि बाळ गेलेच, तर त्या आईला भगताकडे नेऊ नका. तथागतांनी किसा गोतमीला ताईत दिला नाही. मोहरी मागायला घरोघर पाठवले. मृत्यू न पाहिलेले घर तिला सापडले नाही. आपल्या विहारातल्या महिला मंडळाने अशा आईजवळ जाऊन बसावे, तिला दोष न देता तिचे ऐकावे.