बिनस्वाराचा घोडा

आम्ही बीबीचे. शिक्षण बी. कॉम., हुद्दा बँकेतला कारकून; म्हणजे दुसऱ्याच्या नोटा मोजता मोजता स्वतःचे केस पिकवणारा प्राणी. मध्यंतरी आमच्या कॅशियरसाहेबांबरोबर मुंबईला गेलो होतो. काळ्या घोड्याच्या चौकात तो घोडा पाहून साहेब भर रस्त्यात कडाडले, ‘‘घोडा केला, अन् सवाराले पैसे नाई पुरले काय? बसवा ना कोनाले तरी!’’

हे मत त्यांच्या एकट्याचे नाही. रिकामी पाठ दिसली, की आपल्याकडे पुष्कळांचे हात शिवशिवतात. म्हणूनच या मताशी माझे भांडण आहे.

हिशेब पाहा. 1879 साली या चौकात इंग्रजांचा युवराज, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, घोड्यावर बसला. पैसा अल्बर्ट ससूनशेटचा, रुबाब युवराजाचा! 1905 साली त्याचा मुलगा आला आणि जवळच म्युझियमची कोनशिला बसवून गेला. 1922 साली ते उघडले. नाव प्रिन्स ऑफ वेल्स. बाप घोड्यावर, मुलगा पाटीवर. जॉइंट अकाउंटच म्हणा ना!

आणि मुंबईकरांनी चौकाला नाव काय दिले? काळा घोडा! राजा गुलदस्त्यात. 1965 साली पुतळा तिथून हलवला, नाव मात्र हलले नाही. खातेदार गेला, खाते घोड्याच्या नावावर चालू. 2017 साली नवा घोडा आला, तोही एकटाच.

जुना पुतळा फोडला नाही, हे उत्तम झाले. तो राणीच्या बागेत ठेवला. त्या बागेला आता जिजामातांचे नाव आहे आणि जिजाऊ आमच्या शेजारच्या सिंदखेड राजाच्या लेक! म्युझियमला त्यांच्या पुत्राचे, छत्रपतींचे नाव. म्हणजे इंग्रजांचा युवराज आज आमच्याकडच्या लेकीच्या अंगणात उभा आहे. फोडून ही मजा आली असती?

म्हणून म्हणतो, ती पाठ रिकामीच राहू द्या. स्वार बसवला की चौक कुणाचा तरी होतो. मग वर्गणी, हार आणि हाणामारी. नुसत्या घोड्यावरून गावात दोन तट पडल्याचे मी तरी ऐकलेले नाही. लोकांनी ठेवलेले नाव लोकांकडेच राहावे.

साहेबांना हे पटले नाही. पण निघताना घोड्याशेजारी उभे राहून त्यांनी फोटो मात्र काढून घेतला. वर म्हणाले, ‘‘बरं झालं, वर कोनी नाई. नाही तं फोटोत तोच दिसला असता!’’