यंत्राचे चित्र, माणसाची परीक्षा

आपल्या खानदेशात, मग गाव रावेरकडचे असो की साक्रीकडचे, शिष्यवृत्तीपासून सातबाऱ्यापर्यंत सारे आता पडद्यावरच पाहावे लागते. मजकूर मराठी; पण दारातच बहुधा वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांचे चित्र उभे असते. 'यातील अक्षरे लिहा.' हाच तो कॅप्चा.

हे चित्र कोठे साठवून ठेवलेले असते, अशी पुष्कळांची समजूत आहे. सहसा तसे नसते. आपण पान उघडताच पलीकडच्या संगणकावरील एक छोटासा प्रोग्राम चिठ्ठ्या काढाव्यात तशी पाच-सहा अक्षरे निवडतो, कोऱ्या चौकटीत ती तिरपी-वाकडी रंगवतो, वरून रेघा नि ठिपके शिंपडतो आणि चित्र आपल्याकडे धाडतो. उत्तर मात्र स्वतःपाशी ठेवतो. पान पुन्हा उघडा, चित्र नवे! या कारागिरीचे मला खरोखर कौतुक वाटते. नकाशे आणि आलेखही असेच मागणीबरहुकूम रंगवता येतात.

मग तक्रार कशाची? १९९७ च्या सुमारास अल्टाव्हिस्टा या शोधयंत्राच्या मंडळींनी यांत्रिक घुसखोरी रोखण्यासाठी ही युक्ती वापरली. तेव्हा ती योग्यच होती. परंतु २०१४ मध्ये गूगलनेच जाहीर केले की, अशी अवघडातली अवघड अक्षरेही त्यांचे यंत्र ९९.८ टक्के अचूक वाचते. म्हणजे चोराला किल्ली सापडली आणि कुलूप उरले घरधन्यासाठी! हातात फोन असूनही केवळ पाच इंग्रजी अक्षरांसाठी एखाद्या शेतकऱ्याने सेवा केंद्रात पैसे का मोजावेत? आणि आपले अंध मित्र? त्यांचे वाचक-सॉफ्टवेअर मजकूर वाचते. चित्रातले अक्षर त्याला दिसत नाही. दिव्यांगांसाठीच्या २०१६ च्या कायद्यात माहिती-तंत्रज्ञान सर्वांना वापरता यावे असे कलम आहे, हे येथे नमूद केले पाहिजे.

देवनागरीत हे जमत नाही, असे कोणी म्हणेल. जोडाक्षरे आणि ऱ्हस्व वेलांटी काढताना साधे प्रोग्राम चुकतात, वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, हे खरे. पण क, म, ल किंवा १, ४, ७ काढायला काय अडचण आहे? सोबत मराठीत ऐकवण्याची सोय हवी. आणि जेथे पहारा नकोच, तेथे चित्रही नको.

सरकार करील तेव्हा करील. आपल्या महाविद्यालयाच्या प्रवेश-अर्जात हा बदल येत्या जूनपूर्वी व्हावा, अशी माझी प्राचार्यांना विनंती आहे.