कायदेकर्त्यांनो, आधी बांध राखा!





मी खेड्यातील शाळेत पोरांस बाराखडी आणि पाढे शिकविणारा एक साधा मास्तर. देशाच्या सरहद्दीच्या कारभारात तोंड घालण्याचा तुला काय अधिकार, असे एखादा विद्वान विचारील. त्यास माझे उत्तर इतकेच की, ती सरहद्द आपल्या पायांनी चालत माझ्या शाळेच्या टेबलापर्यंत आली. गतसाली दिवाळीनंतर एका वीटभट्टीचा मुकादम माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मास्तर, भट्टीवर चार पोरं आहेत. जुन्या रजिस्टरात चार ओळी घाला नि शाळा सोडल्याचे दाखले द्या. तुमचं काय ते समजून घेऊ." मी विचारले, "पोरं कुठली?" तो म्हणाला, "तिकडची, पूर्वेची. कुठली का असेनात! कामाला वाघ आहेत. निम्म्या मजुरीत राबतात आणि तोंडातून ब्र काढीत नाहीत." मी त्यास दार दाखविले. तो हसत हसत गेला आणि जाताना बोलला, "तुम्ही नाही तर दुसरा देईल, मास्तर." महिन्याभराने कानावर आले की, दाखले झाले. कोणी दिले, देव जाणे.

ती पोरे बांगलादेशची होती की आपल्याच बंगालची, हे मला आजही सांगता येत नाही. आणि सगळी गोम येथेच आहे. खोटा दाखला बाजारात विकत मिळू लागला म्हणजे खऱ्या दाखल्याचीही पत जाते. मग पोलिसाने कोणास धरावे आणि कोणास सोडावे? तो गरिबास धरतो, कारण गरीब ओरडत नाही. २०२५ च्या जून महिन्यात मुंबईच्या आसपास राबणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांस बांगलादेशी समजून सरहद्दीपलीकडे लोटून देण्यात आले आणि ते आपलेच नागरिक असे दिसून आल्यावर परत आणावे लागले. चोर सोडून संन्याशाला सुळी ती हीच! मुकादम मोकळा, दाखला विकणारा मोकळा, भट्टीचा धनी मोकळा. आणि शिक्षा कोणास? तर ज्याच्या हातावर घट्टे पडले आहेत त्यास.

शेतकरी बंधूंनो, बांधाची गोष्ट आपणांस कोणी शिकवायला नको. बांध घातला म्हणून शेजाऱ्याशी वैर होत नाही. उलट बांध फुटला म्हणजेच भाऊबंदकी सुरू होते आणि डोकी फुटतात. भारत आणि बांगलादेश यांमधील बांध ४,०९६ किलोमीटरांचा. पश्चिम बंगाल, आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराम या पाच प्रांतांतून तो जातो. त्यातला निम्म्याहून अधिक एकट्या पश्चिम बंगालात. सरकारने २०२५ च्या फेब्रुवारीत संसदेस सांगितले की, यापैकी सुमारे ३,२३२ किलोमीटरांस कुंपण झाले असून ८६४ किलोमीटर अद्याप उघडे आहे. त्यातही १७४ किलोमीटर नदी, दलदल वगैरेंमुळे तार ठोकण्याजोगे नाही. म्हणजे उरलेल्या जवळजवळ सातशे किलोमीटरांवर कुंपण घालता येत होते, पण घातले गेले नव्हते! आसाम करार १५ ऑगस्ट १९८५ रोजी झाला आणि त्यात सरहद्द बंद करण्याचे वचन दिले गेले. ते वचन दिले तेव्हा पाळण्यात असलेले मूल आज चाळिशीचे झाले. एवढ्या काळात एखाद्या कुणब्याने एकट्याने आपल्या शिवाराला दगडी ताल घातली असती.

बांध राखला नाही म्हणजे काय होते, हे आसामला विचारा. १९७९ साली मंगलदोई मतदारसंघाच्या पोटनिवडणुकीत मतदारयादीवरून बोभाटा झाला आणि सहा वर्षे तो प्रांत पेटला. १८ फेब्रुवारी १९८३ रोजी नेल्ली भागात काही तासांत सरकारी हिशेबानेच अठराशेवर माणसे कापली गेली. त्यांत बायका आणि लेकरेच फार. त्या लेकरांनी कोणती सरहद्द ओलांडली होती? सरकार बांधावर झोपले, आणि त्याचे प्रायश्चित्त पाळण्यातल्या पोरांनी घेतले. त्याच वर्षी दिल्लीने आसामसाठी एक निराळा कायदा केला. परका कोण हे ठरविण्याचा सारा बोजा तक्रार करणारावर टाकला. दुसरीकडे सर्वत्र १९४६ च्या कायद्याप्रमाणे आपण या देशाचे आहोत हे ज्याचे त्याने सिद्ध करावयाचे. येथे मात्र उलटी गंगा! तो कायदा सर्वोच्च न्यायालयाने १२ जुलै २००५ रोजी रद्द केला तोवर बावीस वर्षे गेली होती.

पुढे राष्ट्रीय नागरिक नोंदवही आली. ३ कोटी ३० लाख लोकांनी अर्ज केले, हजार कोटींहून अधिक रुपये खर्ची पडले, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी १९ लाख ६ हजार ६५७ माणसे यादीबाहेर राहिली. बाप आत आणि लेक बाहेर, नवरा आत आणि बायको बाहेर! वर्षे उलटली तरी त्यांच्या प्रकरणांचा सोक्षमोक्ष नाही. मास्तराला विचाराल तर तो सांगेल की, ज्या शाळेत रोजची हजेरी घेतली जात नाही, तेथे इन्स्पेक्टर आल्यावर एका रात्रीत रजिस्टर भरावयास बसले म्हणजे असाच घोळ होतो. हजेरी रोजच्या रोज आणि दारातच घ्यावी लागते.

आता दोन पक्षांचे म्हणणे ऐका. एक पक्ष म्हणतो, भुकेल्या माणसास अडविणे हे निर्दयपणाचे आहे. महाराज, आपली दया खरी असेल, पण ती कोणाच्या खिशातून खर्च होते? निम्म्या मजुरीत राबणारा आला म्हणजे बंगल्यातल्या साहेबाची नोकरी जात नाही. विदर्भातून, मराठवाड्यातून ऊसतोडीला आणि भट्टीला निघालेल्या माझ्या विद्यार्थ्यांच्या आईबापांची मजुरी पडते. आणि आलेल्याचे तरी काय कल्याण होते? कागद नाही म्हणून तो मजुरी मागू शकत नाही, पोलिसात जाऊ शकत नाही, दवाखान्यात नाव सांगू शकत नाही. ही दया नव्हे, वेठबिगारीची भरती आहे! ७ जानेवारी २०११ रोजी पंधरा वर्षांची एक मुलगी बापाबरोबर भारतातून आपल्या देशी, लग्नासाठी, परत चालली होती. शिडी लावून कुचबिहारकडील तार ओलांडताना तिला गोळी लागली आणि तिचा देह कित्येक तास तारेवर लोंबकळत राहिला. चोरवाट उघडी ठेवून तिच्यावर पोट भरणाऱ्या दलालांस त्या देहाचा जाब कोणी विचारला?

दुसरा पक्ष निवडणूक जवळ आली की घुसखोरांच्या नावाने ढोल बडवितो, आणि निवडणूक संपली की ढोल खुंटीला. यांच्या डरकाळ्या गरिबांच्या झोपडपट्टीत ऐकू येतात, भट्टीवाल्याच्या दिवाणखान्यात नाही. २०२० साली गुरांच्या चोरट्या व्यापाराच्या प्रकरणात सीमा सुरक्षा दलाच्याच एका कमांडंटास सीबीआयने अटक केली. तेव्हा कुंपणच शेत खाऊ लागले तर राखणदाराचीही झडती घ्यावी लागते, हे यांच्या भाषणांत कधी येते काय?

नामदार साहेबांनो, आपण २०२५ साली जुने चार कायदे मोडून परकीयांसंबंधी एक नवा कायदा केला. पासपोर्टावाचून शिरणारास पाच वर्षांपर्यंत कैद, अथवा पाच लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. खोटे प्रवासाचे कागद वापरणारास दोन ते सात वर्षे कैद. ठीक आहे. परंतु कायद्याची कलमे कागदावर आणि चोरवाट जमिनीवर, असे चालावयाचे नाही. म्हणून एका खेडवळ मास्तराच्या या मागण्या ऐका.

पहिली मागणी ही की, उरलेल्या कुंपणाची मुदत ठरवा आणि दर अधिवेशनात किती झाले ते सभागृहात सांगा. केंद्राने प्रांताकडे बोट दाखवावे आणि प्रांताने केंद्राकडे, हा खेळ पुरे. मात्र जमीन घ्याल ती शेतकऱ्यास रोख आणि पुरता मोबदला देऊन घ्या. सरहद्दीपासून दीडशे यार्ड आत तार पडते, आणि तिच्या पलीकडे राहिलेल्या आपल्याच रानात जावयास कुणब्यास शिपायाच्या फाटकावर उभे राहावे लागते. देशासाठी हा भार तो सोसतो. त्याची भरपाई देश का देत नाही? नदीच्या पात्रात धुबरीजवळ २०१९ साली कॅमेरे आणि यंत्रे बसवून ६१ किलोमीटरांवर नजर ठेवण्याची सोय झाली. जेथे तार ठोकता येत नाही तेथे सर्वत्र तशी सोय करा.

दुसरी मागणी ही की, चोरट्या आयातीला जो गिऱ्हाईक आहे त्यास धरा. कागदपत्रांवाचून परका मजूर ठेवणारा धनी, मुकादम आणि वाटेवरचा दलाल यांस आधी बेड्या पडू द्या. गिऱ्हाईक बंद झाले की बाजार आपोआप उठतो. येणारांची संख्या कमी करण्यास याहून सोपा मार्ग नाही.

तिसरी मागणी दाखल्यांची. वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकमाने होई. २०२३ च्या दुरुस्तीने ते काम जिल्हाधिकारी, प्रांत आणि त्यांनी नेमलेले दंडाधिकारी यांच्याकडे आले. सोय झाली खरी, पण सोयीच्या दारातून चोरही शिरतो. प्रत्येक उशिराच्या नोंदीवर सही करणाराचे नाव आणि पाहिलेला पुरावा उघड असावा. आणि खोटा दाखला देणारा मास्तर असो की तहसीलदार, त्याची नोकरी जावी. माझ्या जातभाई मास्तरांवरही हे कलम लावा, माझी हरकत नाही.

चौथी आणि शेवटची मागणी ही की, चौकशी झाल्यावाचून व लेखी हुकमावाचून एकाही माणसास सरहद्दीपलीकडे लोटू नका. परका ठरला तर त्यास रीतसर परत पाठवा, त्यात ढिलाई नको. पण आपल्या माणसास परका ठरविणे हे परक्यास आपला ठरविण्याइतकेच मोठे पाप आहे.

मुकादम म्हणाला होता, "तुम्ही नाही तर दुसरा देईल." कायदेकर्त्यांनो, तो दुसरा कोणी सापडणार नाही असे राज्य करून दाखवा. मग आम्ही खेडवळ लोकही म्हणू की, मते फुकट गेली नाहीत.



आपला,
एक खेडवळ शिक्षक