अनुदान आणि जबाबदारी

पाण्यासाठी सरकारकडे अनुदान मागण्यात कमीपणा नाही. कमीपणा आहे तो मिळालेल्या अनुदानाचे चीज न करण्यात. सोलापूर शहराची तहान भागविणाऱ्या उजनी जलाशयापासून करमाळा तालुक्यातील जेऊर फार दूर नाही. तथापि धरणाच्या शेजाराने विहिरी आपोआप भरत नाहीत. त्यांचा गाळ उपसावा लागतो, पावसाचे पाणी जिरवावे लागते.

पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातील 30 टक्के वाटा पिण्याचे पाणी, पर्जन्यजलसंचय आणि पाण्याचा पुनर्वापर यांकरिता राखून ठेवला. पैशाची वाट अशी दाखविली गेली. प्रश्न उरतो तो व्यवस्थेचा. याबाबतीत नागपूरचे उदाहरण मार्गदर्शक आहे. तेथील महानगरपालिकेने केंद्राचे साहाय्य तर घेतलेच, परंतु शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्रास देण्याचा करारही केला. पाण्याला गिऱ्हाईक आधी ठरले.

जेऊरसारख्या गावांनीही शुद्ध केलेले पाणी कोणत्या शेतांना द्यावयाचे आणि यंत्रणेचा खर्च कोणी सोसावयाचा, हे अर्ज करण्यापूर्वीच ठरवावे. शुद्ध न केलेले सांडपाणी पिण्याच्या विहिरीजवळ मुरू न देण्याची दक्षता तर हवीच. अनुदान एकदाच येते. पंपाच्या विजेचे बिल दरमहा येते.